समाध्यांवर रंग चढण्याआधी: सोलापूरच्या स्मशानभूम्या आणि कब्रस्तानं कशी वाचायची

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तरुणाचा आहे. त्याचे पणजोबा तेलंगणातून आले आणि गिरणीच्या साचेखात्यात लागले. समाजाच्या स्मशानभूमीच्या एका कोपऱ्यात जुन्या समाध्या आहेत, काहींवर तेलुगू अक्षरं आहेत. पंच मंडळी पावसाळ्याआधी तिथे पेव्हर ब्लॉक टाकणार आहेत, समाध्यांना ऑइल पेंट देणार आहेत. त्याआधी नोंद कशी करायची, आणि आमच्यात बहुतेकांचं दहनच होत असताना तिथे इतिहास तरी किती सापडणार, असं त्याने विचारलंय.

दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण ती मनात राहिली की माणूस साधा फोटो काढायलाही टाळाटाळ करतो. दहन करणाऱ्या समाजाच्या स्मशानात काही उरत नाही, ही समजूत अर्धीच खरी. दहन करणाऱ्या घरांतही लहान मूल गेलं तर पुरतात. गोसावी, बैरागी, संन्यासी यांना समाधी देतात. देवीच्या साथीत गेलेल्याला जाळायचं नाही, असंही बऱ्याच ठिकाणी पाळत असत. शिवाय विणकर म्हणजे एकच समाज असं बाहेरच्याला वाटतं. पद्मशाली, तोगटी, कुरुहिनशेट्टी, स्वकुळ साळी यांचा माग तेवढा सारखा. देव, बोली आणि मर्तिक वेगळं. कुरुहिनशेट्टी लिंगायत, त्यांच्यात दफन. आणि ज्याचं दहन झालं त्याच्या नावानेही पुढे मुला-नातवांनी चौथरा बांधलेला असतो. तेव्हा चौथरा दिसला म्हणजे खाली माणूस आहेच असं धरू नका, आणि चौथरा नाही म्हणून खाली कोणी नाही असं तर मुळीच धरू नका.

सोलापूरकराला हे खरं तर वेगळं सांगायला नको. आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वराच्या, तळ्यातल्या देवळाच्या आवारात बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची योगसमाधी आहे. गड्ड्याच्या यात्रेला आपण समाधीभोवतीच जमतो.

आता पहिला प्रश्न. माझं सगळं सांगणं एवढंच: दगड वाचण्याआधी जागा वाचा. बहुतेक जण उत्साहाने जातात, सर्वांत सुंदर अक्षराचा फोटो काढतात आणि परत येतात. त्या फोटोवरून एका माणसाचं नाव कळतं. समाजाचा इतिहास कळतो तो दगड कुठे आहे, कुणाशेजारी आहे, कशाचा आहे आणि त्याच्या मागची मोकळी जमीन कुणाची, यावरून.

जागा म्हणजे आधी गावातली जागा. खेड्यात मसणवटा सहसा दक्षिणेला, यमाच्या दिशेला, आणि पाण्याच्या उताराच्या अंगाला. शहर वाढलं की हा नियम मोडतो. सोलापुरात रेल्वे १८६० साली आली. जुनी गिरणी १८७० च्या दशकात उभी राहिली, पुढे शतक पालटता पालटता लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम. प्रत्येक भोंग्यामागे वस्ती आली, वस्तीमागे देऊळ, मशीद, चर्च आणि मर्तिकाची जागा. मोदी भाग असो, रूपाभवानी असो की अक्कलकोट रस्ता, आज ज्या स्मशानभूमीच्या भिंतीला रिक्षा स्टॉप टेकलाय ती जागा घेतली तेव्हा गावाबाहेर होती. शहराच्या नकाशावर जुन्या स्मशानभूम्या आणि कब्रस्तानं नुसती ठिपक्यांनी दाखवा, म्हणजे त्या काळी गाव कुठे संपत होतं ते दिसेल. कोणत्या समाजाला कोणत्या दिशेची, किती उंचवट्याची किंवा किती पाणथळ जमीन मिळाली हेही त्याच नकाशात दिसतं. ते बोलायला अवघड असतं, नकाशावर सोपं असतं.

त्या जागेचे कागद काढा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, गावाकडची जमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफार. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचं परिशिष्ट एक मिळतं. ट्रस्टकडे कोणती मालमत्ता कधीपासून आहे ते त्यात असतं. कब्रस्तान असेल तर वक्फ मंडळाची नोंद बघा, आणि मुजावराकडे इनामाची सनद आहे का तेही विचारा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरचा खंड १८८४ साली निघाला. त्यात जातवार मर्तिकाचे विधी दिले आहेत. वाचा, पण साहेबाच्या कचेरीत बसून लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून. एका घराची रीत साऱ्या जातीच्या नावावर टाकायची त्या लेखकांना खोड होती.

मग आत या. मेजरपट्टी, होकायंत्र, आलेखाची वही. होकायंत्र मोबाइलमधलं चालतं, फक्त लोखंडी गजांच्या जाळीजवळ ते भरकटतं. प्रत्येक चौथऱ्याला क्रमांक द्या. तो वहीत द्या, दगडावर खडूनेसुद्धा लिहू नका. मग लांबी, रुंदी, दिशा. दिशा आणि आकार हे अक्षरांआधी बोलतात. मुसलमानांची कबर आपल्याकडे उत्तर-दक्षिण, डोकं उत्तरेला आणि चेहरा पश्चिमेला, किब्ल्याकडे. जुनी ख्रिस्ती थडगी बहुधा पूर्व-पश्चिम. लिंगायत समाधी चौरस आणि आखूड, कारण आत देह आडवा नसतो. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा कोरून त्यात देह बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग, भोवती विभूती आणि बेल. विधी जंगम, म्हणजे लिंगायतांचा पुरोहित, सांगतो. वर कधी छोटं लिंग, कधी नंदी. गोसाव्यांची समाधीही बैठीच. एकाच मैदानात दोन दिशांच्या रांगा सापडल्या तर थांबा. ती जागा कधीकाळी दोन समाजांची सामायिक असावी, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली असावी, आणि अशी गोष्ट कागदावर क्वचितच येते.

कब्रस्तानात आणखी एक खूण आहे. जुन्या दख्खनी कबरींवर माथ्यावर लांबट उंचवटा असेल तर तो कलमदान, कबर पुरुषाची. सपाट पाटी असेल तर ती तख्ती, कबर बाईची. नाव झिजून गेलं तरी एवढं उरतं. बाकी बहुतांश कबरी कच्च्या, मातीच्या, वर सब्जाचं झुडूप. काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरतात. तिथे तुम्हाला दगडांची यादी करून काही मिळणार नाही. कबर खोदणाऱ्या माणसाला विचारा, त्याला कुणाची ओळ कुठून सुरू होते ते पाठ असतं.

दगडाचा प्रकार म्हणजे जवळजवळ तारीखच. काळा पाषाण इथलाच, तो कुठल्याही काळात सापडतो. शहाबादी फरशी मात्र रेल्वेने आली. १८७१ साली लोहमार्ग रायचूरपर्यंत पोचला आणि शहाबाद त्याच मार्गावर आहे. गाड्या भरभरून फरशी इकडे उतरू लागली ती त्यानंतर. शहाबादी दगडाचे पापुद्रे सुटतात, अक्षर असलेला वरचा पापुद्रा गेला की सगळं गेलं, म्हणून आधी शहाबादी दगडांचे फोटो घ्या. वीट आणि चुन्याचे चौथरे जुने. मोझॅक आणि चिप्स बहुधा स्वातंत्र्यानंतरचे, ग्लेझ टाइल त्यानंतरची, आणि ज्यावर चेहऱ्याचा फोटो कोरलेला आहे तो ग्रॅनाइट कालपरवाचा. घराण्याच्या एकाच रांगेत पणजोबा पाषाणात, आजोबा शहाबादीत, वडील मोझॅकमध्ये आणि काका ग्रॅनाइटमध्ये असे भेटतात. मधली एक पिढी कच्च्या मातीत असेल तर त्या वेळी घरात काय झालं होतं, गिरणी बंद पडली होती का, संप होता का, ते घरच्यांना विचारायचं.

आता अक्षरं. सोलापुरात देवनागरी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार लिप्या तर सर्रास. कॅम्पाकडे आणि ख्रिस्ती दफनभूमीत रोमन. मोडी दगडावर सहसा सापडत नाही, ती कागदाची लिपी. तेलुगू आणि कन्नडमध्ये नवख्याचा गोंधळ होतो. अक्षराच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी टिकली असेल तर तेलुगू, आडवी आणि टोकाशी वळलेली रेघ असेल तर कन्नड. एवढ्यावर पहिली वर्गवारी होते, अर्थ जाणकाराकडून लावून घ्या.

तुमच्या कोपऱ्यात मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे ती नावांच्या क्रमाची. तेलुगू रीतीत घरनाव आधी, मग माणसाचं नाव. मराठी रीतीत नाव, वडिलांचं नाव, शेवटी आडनाव. जुन्या समाधीवर घरनाव पुढे असेल आणि नंतरच्या समाधीवर ते मागे गेलं असेल, तर मधे कुठेतरी त्या घराने शाळा, गिरणीचा हजेरीपट आणि नगरपालिका यांच्यापुढे स्वतःला मराठी पद्धतीने लिहायला सुरुवात केली. लिपी बदलली ते साल आणि नावाचा क्रम बदलला ते साल वेगवेगळं असू शकतं. कित्येकदा अक्षर देवनागरी होतं, क्रम तेलुगूच राहतो. सगळ्या समाध्यांवरून असे दोन रकाने भरा. बाहेरून आलेला समाज सोलापूरकर कसा झाला, हे याहून नेमकं सांगणारा कागद तुम्हाला कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

नावामागची उपाधीही नोंदवा, गाळू नका. कै., वै. (वैकुंठवासी), लिंगैक्य, मरहूम, ख्रिस्तवासी यांतून पंथ कळतो. पूर्वाश्रमीच्या महार वस्तीच्या स्मशानात १९५६ नंतर कै. जाऊन कालकथित येतं, समाधीवर धम्मचक्र येतं. कोणत्या घरात ते लगेच आलं आणि कोणत्या घरात एका पिढीने आलं, हा धम्मस्वीकाराचा घरोघरचा हिशेब आहे. याच शहरात बुधवार पेठेतल्या प्रेरणाभूमीवर बाबासाहेबांचा अस्थिकलश आहे. ज्याला दगडच नाही अशा मर्तिकाचीही जागा कशी जपली जाते, ते तिथे जाऊन बघा.

सालांचं प्रकरण सावकाश घ्यावं लागतं. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घेतो. सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली. एकच दिवस. पण लिंगायत, मारवाडी, मुसलमान आणि मराठा अशा चार घरांतले हे चौघे. त्या दिवसाचं साल कन्नड किंवा मराठी दगडावर लिहायचं तर शके १८५२, प्रमोद संवत्सर. मारवाडी घरात विक्रम संवत १९८७. उर्दू दगडावर हिजरी १३४९. आणि निजामाच्या मुलखातून आलेल्या कुणी लिहिलं असतं तर फसली, म्हणजे तिकडचं महसुली साल, १३४०. एका दिवसाची अशी चार सालं, इंग्रजी धरून पाच. तेव्हा दगडावर नुसता आकडा दिसला की इंग्रजीच साल समजून पन्नास-साठपासून सहाशे वर्षांपर्यंतची चूक करू नका. तेलंगणातून आलेल्या पहिल्या पिढीच्या समाधीवर फसली असण्याची शक्यता नेहमी ध्यानात ठेवा. आजुर, बहमन असे महिने असतील तर शंकाच नको.

हिजरीचं साल काढायचं तर त्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा, एखाद्या वर्षाचा फरक सोडून द्या. शकात ७८ मिळवा. मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराला इंग्रजी वर्ष पालटतं, तिथून फाल्गुनापर्यंत ७९. खरा घोळ संवत्सराचा. तेलुगू आणि कन्नड दगडांवर पुष्कळदा शकाचा आकडा नसतो, नुसतं संवत्सराचं नाव असतं, आणि ते साठ वर्षांनी परत येतं. प्रमोद म्हणजे १८७० ही असू शकतं, १९३० ही, १९९० ही. तिथे दगडाची जात आणि शेजारच्या समाध्या कामाला येतात. म्हणूनच जागा आधी, अक्षर नंतर.

झिजलेलं अक्षर वाचायला खडू, पीठ, कोळसा, तेल यांतलं काहीही लावायचं नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. कडेने पडलेल्या उजेडात बुजलेली अक्षरं उठून दिसतात. सावलीतल्या दगडावर आरशाने उजेड पाडा. साधं पाणी फवारलं तर काही दगड दोन मिनिटं वाचता येतात. प्रत्येक दगडाचे निदान तीन फोटो घ्या: अक्षरांचा, पूर्ण चौथऱ्याचा, आणि मागे हटून शेजारपाजारासह. तिसरा फोटो लोक विसरतात आणि पुढे तोच लागतो.

आता ज्यांना दगड नाही त्यांच्याकडे वळू, कारण गिरणगावात तेच जास्त. बदली कामगार, विडी वळणाऱ्या बायका, बाळंतपणात गेलेल्या सुना, तान्ही मुलं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा छपन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) दुष्काळात या जिल्ह्यात माणसं रस्त्यावर पडली. १८९६ नंतर इलाखाभर गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आणि १९१८ ला मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झा. या मरणांचा माग कागदावरच लागतो. जिल्ह्यातल्या खेड्यांसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, सर्वांत मोलाचं: नाव, जात, वय, मरणाचं कारण. तहसीलच्या अभिलेख कक्षात ते असतं, जुनं असेल तर मोडीत. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी, गाठ असे शब्द ओळीने येऊ लागले की साथ कोणत्या आठवड्यात त्या गावात शिरली ते दिसतं. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात यातली पुष्कळ दप्तरं स्कॅन झाली आहेत. जातीच्या दाखल्यासाठी सगळे तो एकच रकाना बघतात, बाकीचे तसेच पडून आहेत. शहरासाठी नगरपालिकेचे मृत्यू रजिस्टर. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका १९६४ ची. आजची नोंद १९६९ च्या कायद्याखाली होते.

चर्चचं दफन रजिस्टर वेगळं आणि फार नेटकं. अमेरिकन मराठी मिशनचं काम सोलापुरात एकोणिसाव्या शतकापासून, तिथल्या नोंदींत धंदाही लिहिलेला सापडतो. इंग्रज सैनिक आणि अधिकारी यांच्या दफनाच्या प्रती विलायतेला जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कॅम्पातल्या एखाद्या सैनिकाचा दगड सापडत नसेल तर पुण्याजवळच्या खडकीची युद्ध दफनभूमीही तपासा. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायमची देखभाल होणार नव्हती, तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी तिकडे हलवल्या गेल्या.

पण तुमच्या बाबतीत मी सर्वांत आधी पंचांकडे असलेली लाकडाच्या हिशेबाची वही मागेन. किती मण लाकूड, कुणाच्या नावावर, पैसे कुणी भरले, कुणाला फुकट दिलं. फुकट दिलेल्या नावांची यादी म्हणजे बेवारस आणि कंगाल सोलापूर. या वह्या रद्दीत जातात, त्यांना इतिहास म्हणून कुणी बघतच नाही.

त्यानंतर माणसं. यात मान्यवरांच्या मुलाखती पुरे झाल्या. स्मशानात राबणाऱ्याला विचारा. मसणजोग्यांची कुटुंबं पिढ्यान्पिढ्या मसणवट्याच्या आधाराने जगली, घरात तेलुगू बोलतात, कुठल्या घरातून काय मिळायचं ते सांगतात. गावगाड्यात मढ्यावरचं कापड महाराचं, ही रीत होती. ती आंबेडकरी चळवळीत नाकारली गेली, कधी गावाच्या रोषाला तोंड देऊन. ते कसं झालं, कुणी आधी नाही म्हटलं, हे विचारल्याशिवाय त्या स्मशानाचा इतिहास पुरा होत नाही. सेटलमेंटमधल्या, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथे तारेत कोंडलं होतं त्या वस्तीतल्या, जुन्या माणसांना विचारा की तारेच्या आत मेलेल्याला बाहेर नेताना परवानगी कशी मिळायची. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, त्यामुळे ज्यांना आठवतं अशी माणसं आता अगदी थोडी राहिली आहेत. हे काम स्मशानभूमीच्या नकाशाहूनही घाईचं आहे.

आणि बायका. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून अभ्यासकही त्यांना विचारायला जात नाही. वास्तविक कुणाचं कितवं मूल कुठे पुरलं, कोण कशाने गेलं, कुणाच्या दहाव्याला कुणी आलं नाही, हे सगळं त्यांच्याकडे असतं. विड्या वळता वळता त्या बोलतात. समोर मोबाइल धरू नका, शेजारी ठेवा, पण रेकॉर्डिंग चालू आहे हे आधी सांगून.

घराण्याची साखळी जोडायला आणखी दोन वाटा आहेत. पद्मशालींची कुळकथा आणि भावनाऋषीचं पुराण सांगणारे कुनपुली तेलंगणातून फिरत असत. चेरियाल गावच्या चित्रांच्या लांब कापडी पटावर बोट ठेवून ते सांगत. तुमच्या घरी कुणाला त्यांचं येणं आठवतं का बघा. कन्नड-मराठी पट्ट्यात हेळवी बैल घेऊन येतात आणि वंशावळ वाचून दाखवतात. ज्यांचं दहन झालं त्यांच्या अस्थी पंढरपूर, गाणगापूर किंवा कुडलच्या संगमावर गेल्या असतील; पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोण कुठल्या गावाहून, कुणाची क्रिया करायला आला ते असतं. हेळवी आणि तीर्थोपाध्याय दोघेही दक्षिणा घेतात, त्यात गैर काही नाही. नीट बघू दिलं तर द्यावी.

सोलापूरच्या माणसाचा दगड सोलापुरातच असेल असंही नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथे जन्मले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये गेले. आधी नानक्वान गावात दफन, आता शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्याच आवारात. ज्या समाजात दहन होतं त्यातला माणूस परक्या मुलखात कबरीत आहे आणि तिथले लोक ती फुलांनी सजवतात. तुमच्या यादीत अशा बाहेर राहिलेल्यांसाठी एक पान ठेवा: भिवंडीच्या मागावर गेलेले, आखातात गेलेले, गावी तेलंगणात जाऊन वारलेले.

आता पेव्हर ब्लॉक. पंचांशी भांडू नका; त्यांचा हेतू चांगला असतो आणि पावसाळ्यात त्या चिखलातून तिरडी त्यांनाच न्यायची असते. त्यांच्यापुढे तीनच गोष्टी ठेवा. पहिली, रंग. विटा-चुन्याच्या चौथऱ्याला दरवर्षी पातळ चुन्याचा हात दिला तर बिघडत नाही, अक्षर असलेली पाटी तेवढी सोडायची. ऑइल पेंट मात्र नको. आतली ओल आतच राहते, वर फुगे येतात आणि सोलून निघताना दगडाचा पापुद्रा घेऊनच निघतात. सिमेंटच्या गिलाव्याचं तेच. तारेचा ब्रश आणि ॲसिड यांना तर हातच लावू देऊ नका. दुसरी, ब्लॉक फक्त चालायच्या वाटेवर. मोकळ्या दिसणाऱ्या कोपऱ्यावर नाही. तो कोपरा बहुधा लहान मुलांचा असतो, हे जाणत्यांना माहीत असतं आणि एकदा बोलून दाखवलं की कुणी तिथे कुदळ मारायला धजावत नाही. तिसरी, काही हलवायचं असेल तर आधी क्रमांक, फोटो आणि मग हलवणं. वीरगळ किंवा सतीशिळा सापडली, म्हणजे वर चंद्र-सूर्य आणि खाली लढाईचे टप्पे किंवा काकणाचा हात, तर ती जागची हलवायचीच नाही. शंभर वर्षांहून जुना कोरीव दगड १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो. शेंदूर लावून मारुतीच्या पारावर नेऊन ठेवलेले वीरगळ जिल्हाभर आहेत. मूळ जागा कुणाला आठवत नाही, आणि त्यामुळे लढाई कुठली तेही नाही.

परवानगी लेखी घ्या. पंचांची, ट्रस्टची किंवा मुजावराची, एका कागदावर. दफनभूमीत शिरून तिची विटंबना करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, आणि तुमच्या हातात मेजरपट्टी आणि ब्रश बघून भलताच अर्थ काढणारं कुणीतरी भेटतंच. एखादी अंत्ययात्रा आली की वही मिटा, बाजूला उभे राहा, चप्पल काढायची रीत असेल तर काढा. गेल्या काही वर्षांतल्या समाध्यांचे फोटो घेऊ नका. तो अजून इतिहास नाही, घरच्यांचं दुःख आहे. मरणाचं कारण लिहिलेली नोंद, त्यातही आत्महत्या, बाळंतपण आणि रोग, नावासकट बाहेर सांगू नका. जात आणि जमीन यांचा वाद पेटेल असा कागद मिळाला तर त्याची प्रत करा, वाच्यता आधी जाणत्यांपाशी.

तयार झालेल्या यादीच्या निदान तीन प्रती हव्यात: एक पंचांकडे, एक वाचनालयात, एक तुमच्या घराबाहेरच्या कुणाकडे. छापील काढा, नुसती पेनड्राइव्हवर नको. पावसाळा जवळ आलाय, म्हणून क्रम असा ठेवा: या आठवड्यात शहाबादी दगडांचे फोटो, पुढच्या आठवड्यात नकाशा, आणि लाकडाच्या वहीचं आजच संध्याकाळी विचारा. पंचांतल्या ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्या घरी जा, आईला किंवा आजीला सोबत न्या. तेलुगूत बोलणं सुरू झालं की कपाट लवकर उघडतं.